चार टोपणं नीळ

हंगामाच्या पहिल्या दिवशी रेसकोर्सवर सगळ्यांचीच पोटं सुटलेली असतात. घोडे तीन महिने नुसते उभे राहून खात असतात, जॉकी बसून खात असतात, आणि साहेब लोक काय करत असतात ते त्यांच्या कोटाच्या बटणांना विचारावं. फरक एवढाच, की घोड्याचं पोट सुटलं तर बोलणी मोतद्दाराला बसतात.

मी मोतद्दार. घोड्याचं दाणापाणी, खरारा, लीद काढणं, टापा साफ करणं, आणि रेसच्या दिवशी लगाम धरून त्याला लोकांपुढे गोल फिरवणं, हे माझं काम. एकतीस वर्षं करतोय. घोडा जिंकला की फोटोत मालक असतो, ट्रेनर असतो, मालकाची मेहुणीसुद्धा असते. मीही असतो. कडेला लगाम धरलेला एक हात दिसतो ना, तो माझा.

यंदा माझ्याकडे एकच जनावर होतं, एक करडी घोडी. कागदावर तिचं नाव लांबलचक आहे, ते फक्त माइकवाला घेतो. तबेल्यात तिला सगळे मावशी म्हणतात. वय आठ. दाणा यायला पाच मिनिटं उशीर झाला तर बादली तोंडात धरून बाहेर भिरकावते. शिकाऊ डॉक्टर आला की त्याच्या पायावर पाय ठेवते आणि भलतीकडे बघत राहते. लहानपणी पाटीसारखी गडद होती. करड्या घोड्यांचं असंच असतं, वयाबरोबर उजळत जातात. आता ती पांढरीच म्हणायची. आणि पांढरी झाल्यापासून तिने एक व्रत घेतलंय, झोपायचं ते लिदीवरच. मी तीन कोपऱ्यांत कोरडं गवत पसरतो, ही बाई चौथा शोधून काढते.

रेसच्या आदल्या दिवशी ट्रेनर आला. हा माणूस वाईट बातमी सांगायची असली की घोड्याच्या टापेकडे बघून बोलतो. तो टापेकडे बघायला लागला तेव्हाच मी हातातला खरारा खाली ठेवला.

"उद्या पहिल्या चारांत आली तर ठीक," तो म्हणाला. "नाहीतर टेकडीवरचा हॉटेलवाला घेऊन जाणार. मालकाचं बोलणं झालंय त्याच्याशी. उद्या रेसनंतर येतोय."

"आठ वर्षांची घोडी, तीन महिन्यांची सुट्टी, आणि पहिल्या चारांत?"

"मी नाही म्हणत. मालक म्हणतोय."

तो हॉटेलवाला मला माहीत होता. टेकडीवर हवा खायला आलेल्या पाहुण्यांना तो घोड्यावर बसवून फिरवतो. सकाळी जीन चढवतो ते रात्री उतरवतो. त्याच्याकडे गेलेला एक तांबडा घोडा मी वर्षाने पाहिला होता. मी हाक मारली तर त्याने मान वळवली नाही. कान तेवढे हलले. पाठीकडे मी परत बघितलं नाही.

तर प्रश्न एवढाच होता, मावशी माझ्याकडे राहते की टेकडीवर जाते.

पहिल्या चारांत ती येणार नाही हे मला माहीत होतं, ट्रेनरला माहीत होतं, मावशीलाही माहीत असावं, कारण ती जांभई देत होती. मग मी मालकाचा विचार केला. आमचा मालक फरशीवाला आहे. फरशीचं दुकान आणि घोडी दोन्ही बापाकडून आली, त्यातलं दुकान त्याला कळतं. घोड्याची छाती, पायाचे सांधे, चाल, ह्यातलं काही त्याला समजत नाही. त्याला चकाकी समजते. दुकानात गिऱ्हाईक आलं की हा फरशीवर पाणी शिंपडतो, फडका मारतो आणि म्हणतो, बघा. म्हटलं, आपणही तेच करू. घोडी अशी चमकवू की हरली तरी ह्या माणसाला ती विकवणार नाही.

पहाटे पाचला दिवा लावला. मावशी उठून उभी होती आणि तिच्या डाव्या अंगावर, ढुंगणापासून गुडघ्यापर्यंत, हिरवट तपकिरी डाग होता. रात्रभर एका कुशीवर निवांत झोपली होती बाई. साबण लावला, ब्रश मारला, व्हिनेगर लावलं. डाग फिका झाला, गेला नाही. पांढऱ्या फरशीवर चहा सांडल्यासारखा दिसत होता, आणि फरशीवाल्याच्या नजरेला नेमका तोच पडणार होता.

तेव्हा मला बायकोची आठवण झाली.

आमची खोली तबेल्याच्या मागे आहे. बायको रेसकोर्सच्या धुलाईखान्यात कामाला आहे, जॉकींच्या पांढऱ्या विजारी धुते. ह्या विजारी चिखलात लोळून येतात आणि तिच्या हातून अशा निघतात की त्यांच्याकडे बघताना डोळे बारीक करावे लागतात. रहस्य एकच, नीळ. घरच्या कपड्यांसाठी एक बाटली चुलीवरच्या फळीवर असते. बायको पहाटेच कामावर गेली होती. पण तिचं बोलणं मी रोज ऐकत होतो, "एका बादलीला चार, की बास." चार काय, ते मी कधी बघितलं नव्हतं. बाटलीला टोपण होतं. माणूस काय समजणार?

बादलीत चार टोपणं ओतली. मग डोकं चालवलं. विजार एवढीशी, घोडी केवढी. तीन बादल्या केल्या. प्रत्येकीत चार.

तबेल्यातला दिवा पिवळा आहे. त्या उजेडात मावशी अशी चमकली की मी दोन पावलं मागे सरून परत बघितलं. डाग पार गेला होता. मी तिला कोरडी केली, मानेपासून शेपटीपर्यंत झूल घातली आणि उन्हात न्यायची वेळ येईपर्यंत झुलीचे बंद सोडायचे नाहीत असं ठरवलं. माझे हात कोपरापर्यंत निळे झालेले सकाळी दिसले. म्हटलं, हाताला थोडी लागणारच.

दुपारी एकला अंगणात नेऊन झूल काढली.

फिकट निळी म्हटलं असतं तरी चाललं असतं. मावशी फिकट नव्हती. पाठ आभाळी, पोट त्याहून गडद, आणि आयाळ नि शेपटी सरळ शाईच्या दौतीत बुडवून काढल्यासारखी. तिने मान वळवून स्वतःच्या खांद्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. इतक्या वर्षांत तिने मला बऱ्याच नजरा दाखवल्यात, ही नवीन होती.

आणि नेमके त्याच वेळी व्याही आले.

व्याहींचं सांगायला हवं. पलीकडच्या रांगेत तेही मोतद्दार. पाच वर्षांपूर्वी माझी मुलगी त्यांच्या मुलाला दिली. त्याआधीही आम्ही भांडायचो, पण साध्या भाषेत. सोयरीक झाल्यापासून आदराने भांडतो. आधी मी त्यांना गाढव म्हणायचो, आता अहो लावून म्हणतो. रेसच्या आधी सगळ्यांत नीट ठेवलेला घोडा निवडून त्याच्या मोतद्दाराला एक कप देतात. व्याहींकडे असे चार कप आहेत. ते काचेच्या कपाटात आहेत, आणि मी गेलो की नातवाला ते कपाट पुसायची हुक्की येते. हे योगायोगाने होतं असं ते म्हणतात.

व्याहींनी मावशीभोवती एक पूर्ण फेरी मारली.

"व्याही," ते म्हणाले, "मावशींची तब्येत बरी आहे ना?"

"बरी आहे."

"नाही, थंडी बाधल्यासारखी वाटतात."

"तुमचा घोडा बघा, व्याही. पोट जमिनीला टेकतंय त्याचं."

"पोट आहे. पण रंग त्याचा त्याचाच आहे."

मुलगी त्यांच्या घरात आहे, म्हणून मी पुढचं गिळलं. पाण्याची नळी घेतली आणि मावशीवर धरली. ओली झाल्यावर ती अजून निळी दिसायला लागली. साबण घासला, तर फेस निळा आला आणि घोडी होती तशीच. इतक्यात पुकारा झाला.

रेसआधी घोडा तोच आहे ना, हे एक डॉक्टर तपासतो. हातात कागद, डोळ्यांवर चष्मा.

"रंग करडा," त्याने वाचलं. मग चष्मा वर करून बघितलं. मग चष्मा खाली करून बघितलं. "हिचा रंग कुठला?"

"करडा, साहेब."

"मला डोळे आहेत."

"कागदावर करडाच आहे, साहेब."

"कागदावर आहे म्हणूनच तर पंचाईत आहे."

त्याने कपाळावरचा भोवरा बघितला, मानेवरचे दोन भोवरे बघितले, मानेत कातडीखाली चिप असते तिच्यावर यंत्र फिरवलं. यंत्राने नंबर दाखवला, नंबर बरोबर होता. डॉक्टरने बराच वेळ पेनाचं टोक चावलं आणि शेवटी शेरा लिहिला. मी उलटा वाचला. "घोडी तीच आहे. रंगाचं कारण तपासावं."

पॅडॉकमध्ये, म्हणजे रेसआधी घोडे फिरवतात त्या गोल अंगणात, मी मावशीला घेऊन उतरलो. कुंपणाला माणसं दाटीवाटीने उभी होती. आधी एकदम शांतता झाली. नंतर जे झालं त्याला हसणं म्हणतात. एकतीस वर्षांत लोकांनी माझ्याकडे बघितलं नव्हतं, ते सगळं त्यांनी त्या दहा मिनिटांत फेडून टाकलं. मावशी मात्र अशी चालत होती की जणू हे सगळे तिच्याचसाठी आलेत आणि तिला त्याचं काही नवल नाही.

कप द्यायला एक बाई आल्या होत्या. आमच्यापाशी थांबल्या, डोकं एका बाजूला कलतं केलं, आणि मला हळूच म्हणाल्या, "हिला काही दुखत वगैरे नाही ना?" मग पुढे जाऊन त्यांनी कप व्याहींना दिला. पाचवा. व्याहींनी कप घेताना आवर्जून माझ्याकडे बघून मान लववली. काय ती नम्रता.

मालक आला. सोबत ट्रेनर, टापेकडे बघत. मालकाने एक बोट मावशीच्या पाठीवरून फिरवलं, ते बोट उजेडात धरून बघितलं, अंगठ्याने चोळलं.

"पक्का आहे का?" त्याने विचारलं.

"नाही, साहेब. धुतला की जाईल हळूहळू."

"ह्या शेडला मागणी नाही," मालक म्हणाला आणि बोट रुमालाला पुसत निघून गेला.

संपलं, मी म्हटलं. चकाकी दाखवायला गेलो आणि होती नव्हती ती शोभा घालवली.

जॉकी आला, मावशीकडे बघितलं, आपल्या पांढऱ्या विजारीकडे बघितलं. "काका," तो म्हणाला, "काकू मारतील मला."

"आधी मला मारेल. बस."

रेस चौदाशे मीटर, घोडे अकरा. कुंपणाला टेकून उभा राहिलो. मला वाटत होतं बघवणार नाही, पण बघितलं. सुरुवातीला मावशी दहावी. वळणावर नववी. मग सरळ पट्ट्यावर सगळ्या सुटलेल्या पोटांनी आपापला हिशेब मागितला. लोकांचे लाडके घोडे एकेक करून फुगलेल्या भात्यासारखे वाजायला लागले. व्याहींचा तांबडा तर असा थांबत आला की मला वाटलं वाटेत बसतोय. आणि त्या तांबड्या-काळ्या घोळक्यातून निळा ठिपका पुढे सरकायला लागला. माइकवाला तिचं लांबलचक नाव विसरला आणि म्हणाला, "निळी येतेय, निळी येतेय." लोक तेच ओरडायला लागले. आठवी, सातवी, सहावी. मी काय ओरडत होतो मला आठवत नाही, पण शेजारचा माणूस लहान मुलाचे कान झाकत होता.

पाचवी आली. चौथ्याच्या शेपटीला तिचं नाक लागलं होतं. अजून वीस पावलं मिळती तर चौथी. पण रेस चौदाशेचीच असते, तिथे वीस पावलं उधार मिळत नाहीत.

तबेल्यापुढच्या अंगणात मी तिला फिरवत होतो. घामाने तिच्या अंगावरून निळ्या धारा निघाल्या होत्या आणि खुरांपाशी निळं थारोळं साठत होतं. तेवढ्यात हॉटेलवाला आला. हातात स्वतःची मोरकी घेऊनच आला होता, गळ्यात अडकवायची आणि न्यायची. दहा पावलांवर तो थांबला.

"हे काय?" त्याने विचारलं.

मी तोंड उघडलं. माझी खोड अशी आहे, विचारलं की खरं सांगून मोकळा होतो, मग ते कुणाच्याही मुळावर येवो. नीळ आहे, दोन आंघोळींत जाईल, हेच शब्द जिभेवर होते. पण तेवढ्यात मागून आवाज आला.

"साहेब, जरा लांब उभे राहा."

व्याही. काखेत कप.

"का?" हॉटेलवाला म्हणाला.

"मी ह्यांचा व्याही आहे. नात्यातला माणूस, म्हणून जास्त बोलत नाही." व्याहींनी आवाज खाली आणला. "इतकी वर्षं घोड्यांत आहे मी. असा रंग कुठल्या घोडीचा पाहिला नाही."

"मग काय झालंय तिला?"

"ते डॉक्टरांना विचारा. कारण तपासावं असं लिहिलंय त्यांनी कागदावर. मी अडाणी माणूस."

हॉटेलवाल्याने मावशीकडे बघितलं. मावशीने तोंड उघडून जांभई दिली. तिने स्वतःचं अंग चाटलं होतं, त्यामुळे हिरड्याही निळ्या होत्या.

"लागण वगैरे?"

"तसं मी म्हणणार नाही," व्याही म्हणाले. "पण जो हात लावतो त्याला ते लागतं, एवढं खरं. व्याही, हात दाखवा साहेबांना."

मी हात मागे घेतले. हे मी अपमान झाला म्हणून केलं, पण हॉटेलवाल्याला ते काहीतरी वेगळंच वाटलं. आणि त्याच वेळी वजनाच्या खोलीकडून जॉकी येत होता, पाय फाकवून, विजार मांड्यांपासून घोट्यापर्यंत निळी. "काका," तो लांबूनच म्हणाला, "माझ्या कातडीलाही उतरलंय हो."

हॉटेलवाल्याने मोरकी गुंडाळून खिशात कोंबली. "माझ्याकडे पाहुणे बसतात पाठीवर," तो म्हणाला. "बायकामुलं असतात." आणि तो ज्या चालीने गेला ती चाल त्या दिवशी एकाही घोड्याला जमली नव्हती.

ट्रेनर हे सगळं दाराशी उभा राहून ऐकत होता. पहिल्यांदाच टापेकडे न बघता त्याने मालकाला फोन लावला. "हॉटेलवाला नको म्हणतोय... हो, बघूनच गेला. नाही, दुसरं गिऱ्हाईक आत्ता कोण मिळणार? पण पाचवी आलीय, शेठ. तीन आठवड्यांनी सोळाशेची रेस आहे, तिला वीस पावलं कमी पडली होती, इथे दोनशे मीटर जास्त आहेत... हो. हो, तोवर जाईल रंग." फोन ठेवून तो मला म्हणाला, "राहतेय. हंगाम तरी काढेल."

मी मावशीच्या मानेत तोंड घातलं. बाहेर काढलं तेव्हा व्याही माझ्या चेहऱ्याकडे बघत होते.

"आता नाकही," ते म्हणाले.

आभार मानायला हवे होते. मला ते जमत नाही, आणि त्यांना घेता येत नाहीत. मी म्हटलं, "मला लागण झालीय असं सांगितलंत तुम्ही चारचौघांत."

"मी एक शब्द खोटा बोललो असेन तर सांगा."

मी बराच विचार केला. नव्हते बोलले.

संध्याकाळी बायको आली. एका हातात जॉकीची विजार, दुसऱ्या हातात रिकामी होत आलेली बाटली. ओरडली असती तर बरं झालं असतं.

"किती घातली?"

"चार."

"चार काय?"

मी टोपणाकडे बोट केलं.

"थेंब," ती म्हणाली. "चार थेंब. तीस वर्षं तुमचेच कपडे धुतेय मी तुमच्यासमोर. एकदा मान वर करून बघितलं असतंत तर." आणि तिने बाटली माझ्यापुढे ठेवली, विजार मांडीवर टाकली. "ही तुम्ही धुवा. निघेपर्यंत."

मी अंगणात बसून विजार घासत होतो तेव्हा व्याही आले. बसले. विजारीकडे बघून काही बोलले नाहीत, ह्याचाच अर्थ त्यांचं काहीतरी काम होतं.

"आमच्याकडे उद्या एक करडा येतोय," ते शेवटी म्हणाले. "नवीन. तोही लिदीवर झोपतो म्हणे. पुढच्या शनिवारी पळायचाय." इकडेतिकडे बघितलं. "सकाळी त्या पिवळ्या दिव्यात तुमच्या मावशी दिसल्या होत्या मला. झूल घालायच्या आधी. खोटं कशाला बोलू, तशी चकाकी मी कधी आणली नाही. ती बाटली जरा द्या. आणि किती घालायची ते सांगा. तुमच्याहून थोडी कमी घालेन मी."

माझ्या डोळ्यांपुढे पुढचा शनिवार उभा राहिला. निळा घोडा, खिदळणारी माणसं, आणि मधोमध पाच कपांचा मानकरी, कोपरापर्यंत निळा. काचेचं कपाट आठवलं. ते पुसणारा नातू आठवला. मी बाटली उचलून त्यांच्या हातात दिली.

"चार," मी म्हणालो.

ते उठले. चालता चालता टोपण फिरवून बघत होते, त्यात किती मावतं त्याचा अंदाज घेत. मी त्यांना दारापर्यंत जाऊ दिलं. तेवढं सुख मी घेतलंच.

"थेंब," मी मागून म्हणालो. "व्याही, थेंब. एका बादलीला चार थेंब."

त्यांनी वळून बघितलं. टोपण बाटलीला घट्ट लावलं. मग ते गेले.

आत धप्प असा आवाज आला. मी डोकावलो. तीन कोपऱ्यांत स्वच्छ गवत होतं, आणि मावशी चौथ्यात, डाव्या कुशीवर.